लाइनच्या टोकाला

९ सप्टेंबर

टिल्ल्या,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला टिल्ल्या म्हणू नये, हे मला कळतं. पण परवा भरसभेत तू मला "अहो बाईसाहेब" म्हणालास, तेव्हा फिटंफाट झाली.

आधी मनातलं ओकून टाकते, नाहीतर पुढचं सरळ लिहिता यायचं नाही. जनसुनावणीत प्रत्येकाला बोलायला ठरावीक वेळ असतो. तुझा संपला आणि घंटा वाजली. ती शिपायाने वाजवली, मी नाही. तू दम घ्यायला थांबला होतास, वाक्य अर्धं राहिलं होतं, आणि मी टेबलामागून नुसती बघत बसले, हेही खरं. काय करायला हवं होतं मी? "थांबा, हा माझा धाकटा भाऊ आहे, ह्याच्या छातीत खाणीची धूळ आहे," असं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मला उठवलं असतं. ज्या गावात आपलं माणूस राहतं, त्या गावाची फाइल हाताळायची नाही असा आमच्या वीजखात्यात नियम आहे. साहेबांना ठाऊक नाही. तूही तोंड उघडलं नाहीस. का, ते मला कळलेलं नाही.

पण भाषण काय ठोकलंस! "शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी आमच्या डोक्यावर बॉम्ब आणून ठेवायचा?" वा रे वा. अरे, बॉम्ब कुठला? लोखंडाची बॅटरी आहे ती. लोखंड गंजताना वीज देतं, आणि उलट त्याला वीज पाजली की गंज उतरून पुन्हा लोखंड होतं. आपल्या परसातला पंप गंजायचा तसंच, फक्त इथे गंजण्याला कामाला जुंपलंय. ती पेटत नाही. तू पेपरातला जळक्या कंटेनरचा फोटो नाचवलास ना, ती मोबाइलमधल्या जातीची, वेगळी. मी दोनदा समजावून सांगितलं. टाळ्या मात्र तुला पडल्या.

आता कान देऊन ऐक. तुमच्या गावाला बाहेरून वीज एकाच लाइनने येते, खिंडीवरून. बाबा ज्या लाइनवर आयुष्यभर चढले, तीच. तुम्ही तिच्या अगदी टोकाला. बंद पडलेल्या खाणीचं पटांगण गावच्या सबस्टेशनला लागून आहे. तिथे बॅटरी ठेवली तर खिंडीत काहीही होवो, गाव चार दिवस चालेल. दिवे गेले खड्ड्यात, तुझं ऑक्सिजनचं मशीन चालेल. तुझ्या नाकातली नळी मशीनला, मशीन भिंतीतल्या विजेला, आणि ती वीज खिंडीला टांगलेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

दुसरी जागा समुद्राकाठी आहे, पवनचक्क्यांच्या पायथ्याशी. जमीन स्वस्त, हरकत घ्यायला माणूस नाही. कागदावर दोन्ही जागा उन्नीस-बीस. म्हणून म्हणते, हरकत मागे घे. तू घेतलीस की खाणीतला तुझा जुना मुकादम घेईल, मुकादमाने घेतली की गल्ली घेईल. खाणीने तुमच्या छातीचं मातेरं केलं, आणि त्याच जागी पुन्हा कुणी बाहेरचा येऊन काही मांडतोय म्हटल्यावर तुम्ही चवताळणार, हे मला समजतं. पण तो राग स्वतःच्या श्वासावर काढू नकोस रे.

मास्तरणीला आठवण सांग. शाळा आणि तू, दोन्ही सांभाळते म्हणजे कमाल आहे तुझ्या बायकोची.

ताई


२ नोव्हेंबर

टिल्ल्या,

जिंकलास. बॅटरी समुद्राकाठी चालली. चहा निवायच्या आत विषय संपला. साहेब म्हणाले, "एका जागी गावभर हरकती, दुसऱ्या जागी नुसते खेकडे. चर्चा कसली करायची?" सगळे हसले. मीही हसले. नोकरीत हसावं लागतं.

मास्तरणीचा फोन आला होता, शाळेच्या व्हरांड्यातून, तुझ्या नकळत. "वन्सं, तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग घडी घालून मशीनच्या पायाखाली सारलं. मशीन डगडगतं ना, त्याला टेकू म्हणून." चला, माझ्या लिहिण्याचा काहीतरी उपयोग झाला!

रागावून लिहीत नाहीये. म्हणजे रागावलेली आहे, पण त्यासाठी लिहीत नाहीये. ताईने चिडून गाव वाऱ्यावर सोडलं असं तुझ्या डोक्यात यायला नको, म्हणून आम्ही जागा कशी ठरवतो ते सांगते. अख्खं वर्ष तासातासाने कॉम्प्युटरमध्ये घातलं तर तो दळतच बसतो. मग वर्षातले नमुन्याचे आठवडे उचलायचे. एक कडक उन्हाचा, एक जोराच्या वाऱ्याचा, एक वारा पडल्याचा. शितावरून भाताची परीक्षा. प्रत्येक आठवड्यात बॅटरी इथे ठेवून बघायची, तिथे ठेवून बघायची. आणि लाइन तुटली तर काय, हा हिशोब निराळा, तो निराळ्या खोलीत निराळी माणसं करतात.

दोन्हीकडे तुझं गाव पास झालंय. लाइन तुटली, तर शेजारच्या खोऱ्यातल्या पवनचक्क्या खिंडीच्या तुमच्याच बाजूला आहेत, त्या गावाला पुरतात. वारा पडला, तर समुद्राकाठची बॅटरी लाइनवरून वीज धाडते. एक गेलं तर दुसरं आहेच. मी स्वतः तपासलंय, आणि माझं तपासणं कसं असतं ते तुला माहीत आहे. लहानपणी तुझी गणितं कोण तपासायचं?

तेव्हा निवांत राहा. फक्त भरलेले सिलिंडर दोन जास्तीचे आणून ठेव. माझ्या समाधानासाठी म्हणून ठेव.

ताई


१७ ऑगस्ट

टिल्ल्या,

वर्ष होत आलं, तुझं अक्षर नाही. मी तरी कुठे लिहिलं म्हणा. आपल्या घराण्यात अबोला धरायची हौस दांडगी.

गेल्या आठवड्यात समुद्राकाठी गेले होते. कंटेनर बसवायचं काम चाललंय. पांढऱ्या रांगा, मधून खडीचे रस्ते, प्रत्येक कंटेनरच्या दारावर नंबर. निम्मे बसलेत. सकाळी कामावर पोचलो तर धुकं. समोरचा माणूस दिसेना. ठेकेदार वैतागून म्हणाला, "क्रेन चालवता येत नाही, दोन तास गेले." मी मान वर करून बघितलं तर पवनचक्कीचं पातं माझ्या डोक्यावर लटकलेलं, जागच्या जागी. त्याच्या टोकावरून पाणी टपटपत होतं.

आणि टिल्ल्या, मला बाबांचा आवाज आला. भुताखेताचं नाही सांगत, आठवण आली एवढंच. धुकं बसलं की ते दारात उभं राहून काय म्हणायचे? "वारा मेला. आता तारा जड होणार." मग बांबू खांद्यावर टाकून खिंडीत निघायचे, तारांवर धरलेला बर्फ झोडायला. आई चिडायची, तू मागे लागायचास. तेव्हा पवनचक्क्या नव्हत्या, त्यामुळे वारा मेल्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

कळतंय का मी काय सांगते ते? जे धुकं वारा मारतं, तेच धुकं थंडीत तारांवर गोठून लाइन पाडतं. आम्ही एक संकट एका खोलीत मोजलं आणि दुसरं दुसऱ्या खोलीत, जशी काही ती पाळी लावून येणार आहेत. ती एकाच वाटेने, एकमेकांचा हात धरून येतात. अशा दिवशी खोऱ्यातल्या पवनचक्क्या थांबलेल्या आणि लाइन जमिनीवर. दुष्काळात तेरावा महिना.

परत आले आणि नमुने-बिमुने बाजूला सारून मागचे हिवाळे पूर्ण चालवले, तासातासाने, हवामानखात्याच्या नोंदी घालून. कॉम्प्युटर दळत बसला, मी नखं खात बसले. बहुतेक हिवाळ्यांत काही होत नाही. काही हिवाळ्यांत गाव काळं पडतं, आणि लगेच उजेडात येत नाही. तेच बॅटरी खाणीच्या पटांगणात ठेवून चालवलं, तर एकदाही नाही. एकदाही नाही रे!

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आता? निम्मे कंटेनर बसल्यावर? आणि त्या गावाचा तुम्हाला एवढा कळवळा का?" मग मी सांगून टाकलं. ते पेनचं टोपण उघडमीट करत म्हणाले, "म्हणजे उद्या छापून येणार, बाईंनी भावासाठी बॅटरी पळवली. आजपासून तुम्ही या फाइलवर नाही." माणूस वाईट नाही. दारापर्यंत येऊन हळूच म्हणाले, "शेवटची खेप अजून यायचीय. गावाने स्वतः मागणी केली, खाणीलगतच्या घरांच्या संमतीने, तर तेवढी खेप तिकडे वळवता येईल. माझ्याकडून नाही, तुमच्याकडून नाही. गावाकडून आलं पाहिजे."

थोडे कंटेनर, पण मशिनांना पुरतील. म्हणून ही तुझी थोरली बहीण तुझ्यापुढे पदर पसरते. मागणी कर. ज्या तोंडाने नको म्हणालास, त्याच तोंडाने हवं म्हण. कमीपणा वाटला तर माझ्या नावाने शिव्या घाल आणि मग म्हण.

ताई


११ ऑक्टोबर

टिल्ल्या,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच, मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं. उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

तू लिहितोस, "सभेत तुला ताई म्हटलं असतं तर तुला उठवलं असतं. मला बॅटरी नको होती, पण त्या टेबलावर आपलं एक माणूस असू दे असं वाटलं." मेल्या, हे वर्षभरापूर्वी लिहायला काय झालं होतं? मी इथे "बाईसाहेब" शब्द चघळत बसले आणि तू मला सांभाळत होतास. ऑफिसच्या जिन्यात रडले मी. लोकांना वाटलं डोळे आलेत.

आणि मग पुढचं वाचलं. तू खांद्याला छोटा सिलिंडर अडकवून घरोघरी फिरलास. प्रत्येक पायरीवर थांबत. आणि लोकांनी तुला तुझंच भाषण ऐकवलं. मुकादम म्हणाला, "अरे, तूच सांगितलंस ना बॉम्ब आहे? आता बहिणीने डोळे वटारले म्हणून बॉम्बचा खुळखुळा झाला होय?" बहीण ऑफिसात आहे हे आता सगळ्यांना कळलं, म्हणजे तू विकला गेलास. पलीकडच्या म्हातारीने तर दारच उघडलं नाही. ज्या घरांत तुझ्यासारखी मशिनं घरघरतात, त्या घरांनीच तुला परत पाठवलं.

तू लिहितोस, "मी त्यांना घाबरवायला एक संध्याकाळ पुरली. घाबरलेले परत आणायला महिना पुरला नाही." तुझं बोलणं नेहमीच पटण्यासारखं असायचं. आईला पटायचं, मास्तरांना पटायचं. मला तेवढं पटायचं नाही, आणि ह्या वेळी एकटी मी काय पुरणार!

शेवटची खेप काल समुद्राकाठी उतरली. मी खिडकीत उभी राहून दुसऱ्याच कुठल्या गावाच्या ट्रान्सफॉर्मरच्या फाइलवर सह्या करत होते.

आता बॅटरीचं विसर. माणसं हलवता येतात. थंडी पडायच्या आत माझ्याकडे राहायला ये. दोघंही या. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, लिफ्ट आहे, दोन गल्ल्या सोडून हॉस्पिटल आहे. तुझं घोरणं सहन करीन.

ताई


२० डिसेंबर

टिल्ल्या,

मास्तरणीशी बोलले. तू येत नाहीस. "त्यांना नको म्हणायला मी शिकवलं, आणि आता त्यांना तिथे सोडून मी तुझ्या लिफ्टमध्ये बसू?" असं म्हणालास म्हणे. ती फोनवर नुसतंच "मी काय करू वन्सं, मी काय करू" म्हणत होती.

तुला काय वाटतं, तू तिथे बसून राहिलास म्हणजे लाइन लाजून उभी राहील? तुझ्या छातीने गावाला उजेड मिळणार आहे? हा शहाणपणा नाही, हा माज आहे. चांगुलपणाचा माज. बाबांचाही हाच होता. मला तुझा इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, याचा आणखी राग येतोय.

बरं, नाही येत तर नाही. पण सिलिंडर घरात भरून ठेव. गल्लीतल्यांना ठेवायला लाव. मी पैसे लावून आणखी काही धाडले असते, पण पुरवठादार म्हणतो रिकामे परत आल्याशिवाय भरलेले देत नाही. दवाखान्याला लिहिलंय की मशीनवाल्या घरांची यादी करा आणि जनरेटर दुरुस्त करून घ्या. दवाखान्याचं उत्तर आलं, "नोंद घेतली आहे."

हवामानखात्यातला एक मित्र रोज मला कळवतो. अजून वारा आहे. सकाळी उठले की आधी समोरच्या इमारतीवरची वाळत घातलेली कापडं बघते. हलली की चहा टाकते.

ताई


१४ जानेवारी

टिल्ल्या,

हे सिलिंडरच्या गाडीबरोबर पाठवते आहे. खिंडीचा रस्ता बंद आहे, गाडी खोऱ्यातून वळसा घालून येईल. ड्रायव्हरला म्हटलं, हे पहिल्यांदा आमच्या टिल्ल्याच्या हातात दे. त्याला वाटलं लहान मूल आहे.

धुकं बसायच्या आधी कापडं थांबली होती. मी तशीच कंट्रोल रूममध्ये आले. फाइल माझी नाही, खुर्चीही माझी नाही, पण कुणी हाकललं नाही. भिंतभर नकाशा आहे. तुमच्या खोऱ्यातल्या पवनचक्क्यांसमोर सकाळपासून शून्य. मग दुपारी खिंडीतली रेघ लाल झाली आणि तिच्या टोकाचा ठिपका विझला. तो ठिपका म्हणजे तुम्ही. आवाज काही झाला नाही. शिफ्ट इंजिनिअरने नोंद केली आणि फोन उचलला.

समुद्राकाठची बॅटरी तशीच भरलेली आहे. सगळी रांग हिरवी. शिफ्ट इंजिनिअर मुलीला विचारलं, बॅटरी किती देऊ शकते? ती म्हणाली, "हवी तितकी, मॅडम. पण त्या बाजूला न्यायला वाट नाही." हे मला ती समजावून सांगत होती. मला!

मास्तरणीचा फोन लागला होता, मग तोही गेला. टॉवरची बॅटरी संपली असणार. ती म्हणाली, दवाखान्याचा जनरेटर सुरू झाला आणि बंद पडला. म्हणाली, तू सिलिंडरवर आहेस. आणि मग म्हणाली की जास्तीच्या दोनपैकी एक तू मुकादमाकडे पाठवलास आणि दुसरा त्या दार न उघडणाऱ्या म्हातारीकडे. मी ओरडले, "अगं, अडवायचं नाहीस का त्याला?" ती म्हणाली, "अडवलं वन्सं. म्हणाले, त्यांच्याकडे एकही नाही, कारण मीच त्यांना सांगितलं होतं आपल्याकडची लाइट कुठे जात नाही."

ऐक. आडवा पडू नकोस, उशा लावून बसून राहा. जिना चढू नकोस. सिलिंडरची चावी अगदी बारीक ठेव, भीती वाटली तरी वाढवू नकोस. चूल, शेगडी, कोळसा, काही म्हणजे काही पेटवू देऊ नकोस घरात, गोधड्या घ्या. आणि बोलू नकोस. कुणी विचारायला आलं, माफी मागायला आलं, तरी मान हलव, बोलू नकोस. जन्मात एकदा थोरल्या बहिणीचं ऐक. गाडी निघाली आहे. लाइनची माणसं खिंडीच्या पायथ्याशी धुकं उठायची वाट बघत आहेत. मी इथून हलत नाही.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

ताई


३ मे

टिल्ल्या,

पाकिटावर पत्ता तोच घातलाय. दुसरा मला येत नाही.

काल तुमच्या गावात पुन्हा सुनावणी झाली. खाणीच्या पटांगणात दुसरी बॅटरी ठेवायची आहे. ह्या वेळी पैसेही मंजूर, रस्ताही मंजूर, सगळं झटपट. वारा आणि लाइन आता एकाच खोलीत मोजतात, तसा हुकूमच निघालाय. साहेबांनी मला टेबलावर बसायला सांगितलं होतं, म्हणाले आता गावात तुमचा भाऊ नाही, नियमाची अडचण नाही. मी नाही म्हटलं. मागे लोकांत बसले, मास्तरणीच्या शेजारी. ती बारीक झालीय. शाळेत जाते.

हरकत आहे का कुणाची, असं तीनदा विचारलं. एकही हात वर झाला नाही. मग मुकादम उठला. त्याला धरून उभं केलं होतं. तो म्हणाला, "लवकर बसवा." पलीकडच्या म्हातारीने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला आणि तो पुसलाच नाही, तशीच बोट वर धरून बसून राहिली. तुझे दोन सिलिंडर घेऊन ते जगले, मला त्या दोघांचा राग यायला हवा होता. घरून ठरवून गेले होते की बोलायचं नाही त्यांच्याशी. पण म्हातारीला खोकल्याची उबळ आली तेव्हा मीच पाणी नेऊन दिलं.

अध्यक्ष खूश होते. म्हणाले, इतकी वर्षं सुनावण्या घेतो, असं एकमत पाहिलं नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मास्तरणीने माझा हात दाबला, म्हणून गप्प बसले.

संमतीचा कागद मी शेवटी बघायला मागितला. खाणीलगतच्या प्रत्येक घराची सही आहे. तुमच्या घराची मास्तरणीने केली.

ताई